सात हजार झाडे, सात हजार शिळा

१९८२ सालच्या वसंतात पश्चिम जर्मनीतील कासेल या शहराच्या मुख्य चौकात मालमोटारी येऊ लागल्या आणि काळ्या दगडाच्या लांबट शिळा तेथील हिरवळीवर उतरवू लागल्या. एक ढीग झाला, तो वाढला, आणि काही आठवड्यांत संग्रहालयाच्या भव्य स्तंभांसमोर सात हजार शिळांची एक मोठी रास पसरली. वरून पाहिले असता ती पाचरीसारखी दिसे. पाचरीचे टोक ज्या दिशेला होते तेथे नुकतेच लावलेले एक सडपातळ रोपटे उभे होते. १६ मार्च रोजी योझेफ बॉइस या कलावंताने ते स्वतःच्या हाताने लावले होते. रोपटे ओकचे होते. नियम एवढाच होता की या राशीतील एकही शिळा नुसती हलवायची नाही. शहरात कोठेतरी एक झाड लागेल तेव्हाच एक शिळा येथून उचलायची आणि त्या झाडाशेजारी उभी करायची. सात हजार झाडे लागतील त्या दिवशी चौक मोकळा होईल.

कासेलच्या नागरिकांना हा प्रकार आवडला नाही, आणि त्यांचा राग समजून घेण्यासारखा आहे. चौक त्यांचा होता, आणि त्यांच्या इतिहासातील बरेच काही त्या चौकाभोवतीच घडले होते. हिमगौरी आणि सिंड्रेला यांच्या गोष्टी जगभर पोहोचवणारे ग्रिम बंधू याच शहरात राहिले, येथील ग्रंथालयात त्यांनी नोकरी केली आणि १८१२ साली कथासंग्रहाचा पहिला खंड सिद्ध केला. चौकावरचे फ्रिडेरिसियानुम हे संग्रहालय १७७९ साली सर्वसामान्यांसाठी खुले झाले. युरोपातील अगदी आरंभीच्या सार्वजनिक संग्रहालयांत त्याची गणना होते. दुसऱ्या महायुद्धात कासेलमध्ये रणगाडे आणि रेल्वेची इंजिने तयार होत. साहजिकच हे शहर बॉम्बफेकी विमानांचे लक्ष्य ठरले. १९४१ साली फ्रिडेरिसियानुममधील ग्रंथालय जळाले, आणि २२ ऑक्टोबर १९४३ च्या एका रात्रीत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जुने गाव जवळजवळ नाहीसे झाले. नंतर जे उभे राहिले ते युद्धोत्तर काळातील अनेक युरोपीय शहरांप्रमाणे रुंद रस्त्यांचे, मोटारींच्या सोयीचे आणि काँक्रीटचे.

याच उद्ध्वस्त शहरात १९५५ साली आर्नोल्ड बोडे या चित्रकार-प्राध्यापकाने ‘डॉक्युमेंटा’ नावाचे आधुनिक कलेचे प्रदर्शन भरवले. नाझींनी ‘अधःपतित’ म्हणून हिणवलेली कला जर्मन लोकांना पुन्हा दाखवावी, हा त्यामागील हेतू होता. विशेष म्हणजे त्या वर्षी कासेलमध्ये राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरले होते आणि त्याच्या निमित्तानेच हे कलाप्रदर्शन जन्माला आले. फुलझाडांच्या सोबतीने सुरू झालेला हा उपक्रम पुढे समकालीन कलेचा जगातील एक मानाचा मेळा बनला. सात हजार झाडांची योजना १९८२ च्या सातव्या डॉक्युमेंटासाठी होती.

बॉइस हा वादाला नवखा माणूस नव्हता. त्याचा जन्म १९२१ सालचा. तरुणपणी तो जर्मन हवाई दलात होता आणि १९४४ साली क्रिमियात त्याचे विमान कोसळले. तेथील तातार लोकांनी चरबी चोपडून आणि नमद्यात गुंडाळून आपला जीव वाचवला, असे तो सांगत असे. अभ्यासकांनी ही हकीकत बहुतांशी कल्पित ठरवली आहे. नाझी काळातील स्वतःच्या वाट्याविषयी त्याने पुरेसे स्पष्ट बोलावयास हवे होते, हा आक्षेपही योग्य आहे. कलावंताने स्वतःभोवती दंतकथा विणावी यात नवल नाही. ती दंतकथा युद्धातील हिशेब झाकू लागली की मात्र तिच्याकडे नुसते कौतुकाने पाहता येत नाही. पुढे तो ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. प्रवेश नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांनाही त्याने आपल्या वर्गात घेण्याचा आग्रह धरला, आणि त्यावरून १९७२ साली त्याला नोकरीवरून काढण्यात आले. समाज हेच एक शिल्प आहे आणि ते घडवण्याची शक्ती प्रत्येकापाशी आहे, असा त्याचा सिद्धान्त होता. ऐकायला तो भाबडा वाटतो. कासेलमध्ये त्याची कसोटी लागली.

झाडांसाठी हा माणूस पूर्वीही रस्त्यावर उतरला होता. १९७१ साली ड्युसेलडॉर्फमधील एका टेनिस क्लबाच्या विस्तारासाठी शेजारच्या ग्राफेनबर्ग वनातील झाडे तोडण्याचा बेत आखला गेला. तेव्हा बॉइस आपल्या विद्यार्थ्यांसह काटक्यांचे खराटे घेऊन त्या वनात गेला आणि त्यांनी तेथील पायवाटा झाडून काढल्या. हातातला खराटा हाच त्या निषेधाचा फलक होता. अकरा वर्षांनी कासेलमध्ये त्याने खराटा ठेवून फावडे घेतले.

त्याने ओक निवडावा, यातही एक धाडस होते. ‘ओक’ म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते. वृक्ष म्हणून त्याची ओळख आपल्याला कमी, जरी हिमालयात त्याच कुळातला बांज डोंगरउतारांवर उभा असला तरी. जर्मनांच्या मनात मात्र ओकचे स्थान आपल्याकडील वडासारखे आहे: दीर्घायुषी, घनदाट, पुरातन श्रद्धांशी जोडलेला. नाझींनी या श्रद्धेचा पुरेपूर वापर केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्यांना पदकाबरोबर ओकचे रोपही देण्यात आले. भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले ते याच स्पर्धेत. युद्धानंतर प्रजासत्ताक जर्मनीने तोच वृक्ष वेगळ्या अर्थाने पुन्हा हाती घेतला. तेथील पन्नास फेनिगच्या नाण्यावर गुडघा टेकून ओकचे रोप लावणारी एक स्त्री कोरलेली होती. ढिगारे उपसून देश पुन्हा उभा करणाऱ्या स्त्रियांचे ते स्मरण होते. ओक असा हुकूमशाहीने वापरलेला आणि मग लोकांनी धुऊन घेतलेला वृक्ष होता. बॉइसला हे सारे ठाऊक होते. ओक सावकाश वाढतो, त्याचा गाभा घट्ट असतो, आणि म्हणून तो स्वतःच एक शिल्प आहे, अशी त्याची धारणा होती.

प्रत्यक्षात सात हजार झाडे सगळीच ओकची नव्हती. जागेनुसार लिंडेन, मॅपल, अॅश, चेस्टनट, प्लेन अशी विविध झाडे लागली. नाव मात्र ‘सात हजार ओक’ हेच राहिले. त्याला जोडून एक उपशीर्षक होते आणि त्यात जर्मन भाषेतील एक श्लेष दडलेला होता. नगरप्रशासनाला जर्मन भाषेत ‘श्टाटफरवाल्टुंग’ म्हणतात. बॉइसने त्यातील एकच अक्षर बदलून ‘श्टाटफरवाल्डुंग’ केले, म्हणजे शहराचे वन होणे, आणि घोषणा दिली की आम्हांला पहिल्याऐवजी दुसरे हवे. गंमत अशी की ज्या नगरप्रशासनाची ही थट्टा होती त्याच्या सहकार्यावाचून एकही खड्डा खणता येणार नव्हता. तेव्हाचे महापौर हान्स आयशेल यांनी योजनेला पाठिंबा दिला. त्यांच्या आडनावाचा जर्मन भाषेतील अर्थ ‘ओकचे फळ’ असा होतो!

शिळा आणि झाड यांची जोडी हा या कलाकृतीचा प्राण. शिळा कासेलजवळच्या खाणीतील बेसाल्टच्या, जमिनीवर सुमारे चार फूट उभ्या राहतील अशा होत्या. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि पैलूदार खांब तयार होतात. निसर्गाने आधीच घडवलेले हे खांब बॉइसने जसेच्या तसे वापरले. दख्खनच्या माणसाला हा दगड परका नाही. सह्याद्रीचे कडे, गडांचे तट, लेण्यांच्या भिंती याच जातीच्या पाषाणाच्या आहेत. अंधेरीची सुमारे २०० फूट उंचीची गिल्बर्ट टेकडी अशाच उभ्या खांबांची बनलेली आहे आणि आज ती चहूबाजूंनी इमारतींच्या वेढ्यात सापडली आहे.

आणि दगड-झाडाची जोडी तरी कोठे परकी आहे? आपल्याकडे वड-पिंपळाभोवती दगडी पार बांधला की झाड गावाचे होते. पारावर न्यायनिवाडा होतो, निरोप पोहोचतात, वाटसरू टेकतो. पार झाडाला शोभा देतोच, शिवाय ते कुणा एकाचे नाही, हेही जाहीर करतो. कासेलमधील शिळेनेही नेमके हेच काम केले. रस्त्याकडेचे एखादे झाड रात्रीतून गेले तर सकाळी कितीजणांच्या लक्षात येते? पण चार फूट उंचीची एकटी शिळा पाहणाऱ्याला थांबवते. तिच्याजवळ काहीतरी असायला हवे होते, एवढे ती सांगते.

शिळेचे दुसरे काम काळ मोजण्याचे. लावतेवेळी रोपटे बारीक आणि शिळा भक्कम. काही वर्षांनी दोघांत बरोबरी. पुढे खोड रुंदावते आणि शिळा त्याच्या पायाशी लहान दिसू लागते. शिळा तेवढीच राहते, म्हणूनच झाड किती वाढले ते कळते. हे शिल्प पाहायला तीस-चाळीस वर्षे लागतात आणि ते पूर्णपणे पाहता येईल इतके आयुष्य कोणालाच नाही.

योजना कागदावर सुंदर दिसली तरी रस्त्यावर ती अवघड होती. शहराची जमीन पृष्ठभागावर मोकळी दिसते. खाली मात्र पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा दाटीवाटीने असतात. प्रत्येक जागेसाठी नकाशे तपासावे लागत, डांबर फोडावे लागे, परवानग्या घ्याव्या लागत. झाडे लावण्याचे हंगाम दोनच, वसंत आणि शरद. झाड जेथे येई तेथे बहुधा मोटार उभी करण्याची एक जागा जाई, आणि वादाचे खरे मूळ येथे होते. कलेवरचे मतभेद माणसे चहाच्या टेबलावर मिटवतात, मोटारीच्या जागेवरचे नाही. काळ्या शिळा कुरूप आहेत, थडग्यांसारख्या दिसतात, असे लोक म्हणत. चौकातील राशीची थट्टा म्हणून गुलाबी शिळांची खोडीही झाली.

तरीही रास हळूहळू उतरू लागली. त्याचे कारण बॉइसच्या भाषणांपेक्षा त्याने घालून दिलेल्या पद्धतीत अधिक शोधावे लागेल. झाड कोठे हवे ते नागरिकांनी सुचवायचे होते. वस्त्या, संस्था, शाळा, बालवाड्या यांनी जागा सुचवल्या. मुलांनी आपल्या शाळेच्या अंगणात खड्डे घेतले, गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन झाडांची मागणी केली. चौकात येणाऱ्या प्रत्येकाला रास किती उरली ते दिसत असे. काम किती झाले आणि किती बाकी आहे, याचा इतका उघड हिशेब क्वचितच एखाद्या सार्वजनिक योजनेने ठेवला असेल. ज्यांना रास डोळ्यांत खुपत होती त्यांच्यापुढेही ती हटवण्याचा एकच मार्ग होता: झाड लावणे.

खर्चाचा प्रश्न निराळा होता. एका झाडामागे ५०० मार्क धरले तर एकूण ३५ लाख मार्क लागत. न्यूयॉर्कच्या दिया आर्ट फाउंडेशनने आरंभीचे मोठे साहाय्य केले. देणगीदाराला प्रत्येक झाडाबद्दल प्रमाणपत्र मिळे. तेवढ्याने भागेना. ३० जून १९८२ रोजी बॉइसने फ्रिडेरिसियानुमसमोर जाहीरपणे एक सोन्याचा मुकुट वितळवला. रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या मुकुटाची ती मौल्यवान प्रतिकृती एका उपाहारगृहाच्या मालकाने त्याला दिली होती. कारागिरीचा असा नाश पाहून जमलेल्यांपैकी अनेकांनी संताप व्यक्त केला. वितळलेल्या सोन्यातून बॉइसने ससा आणि सूर्य घडवला. सत्तेच्या चिन्हाचा शांतीचा ससा झाला आणि एका संग्राहकाने तो ७,७७,००० मार्कांना घेतला. पुढे निधी आटला तेव्हा याच कलावंताने जपानमधील निक्का व्हिस्कीच्या जाहिरातीत काम केले. भांडवलशाहीवर कठोर टीका करणाऱ्याने मद्याच्या जाहिरातीत झळकावे, यावर टीकाकारांनी तोंडसुख घेतले. ही विसंगती होतीच. परंतु त्या पैशाने झाडे लागली हेही खरे, आणि ती झाडे आज सावली देताना पैसा कोठून आला हे विचारत नाहीत.

या घटनेचा काळही ध्यानात घ्यावा लागतो. त्या सुमारास आम्लवर्षेने जर्मनीतील अरण्ये मरू लागली असल्याची भीती घरोघर पोहोचली होती, आणि १९८३ च्या मार्चमध्ये हरित पक्षाने प्रथमच तेथील संसदेत प्रवेश केला. त्या पक्षाच्या उभारणीत बॉइसचाही सहभाग होता. भारतात १९७३–७४ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले आणि रेणी गावच्या गौरादेवींनी स्त्रियांसह झाडांना कवेत घेतले. शहरांपुरते पाहायचे तर महाराष्ट्राने १९७५ सालीच नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. त्याही मागे जायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’कडे पाहावे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या राजनीतिग्रंथात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. झाडाची खरी किंमत त्यात गेलेल्या वर्षांत असते, हे अमात्यांनी लेखणीने सांगितले. बॉइसने तेच शिळेने सांगितले.

बॉइसला आपले काम पुरे झालेले पाहता आले नाही. २३ जानेवारी १९८६ रोजी तो गेला तेव्हा लागलेल्या झाडांची संख्या साडेपाच हजारांच्या घरात होती. चौकात शिळा उरल्या होत्या. कर्ताच गेल्यावर योजना तेथेच थांबली असती तरी फारसे कुणाला आश्चर्य वाटले नसते. पण तोवर ती एकट्याची राहिली नव्हती. काम चालवणारा चमू, शहर आणि देणगीदार यांनी ते पुढे नेले. १२ जून १९८७ रोजी आठव्या डॉक्युमेंटाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी बॉइसचा मुलगा वेन्झेल याने शेवटचे झाड लावले, पाच वर्षांपूर्वी वडिलांनी लावलेल्या पहिल्या ओकच्या शेजारी. राशीतील शेवटची शिळा तेथे उभी राहिली. चौक रिकामा झाला.

ज्या नागरिकांनी शिळांवर आक्षेप घेतला होता त्यांची मुले त्याच झाडांखालून शाळेत जाऊ लागली. हळूहळू शहराने ही झाडे आपली मानली. तिची देखभाल करणारा स्वतंत्र न्यास स्थापन झाला आणि कलाकृतीला स्मारक म्हणून संरक्षण मिळाले. बांधकामासाठी झाड हलवायचे म्हटले की आता तेथे चर्चा होते.  कासेलबाहेरही हे काम गेले. न्यूयॉर्कमध्ये दिया फाउंडेशनने पश्चिम बाविसाव्या रस्त्यावर १९८८ साली पाच आणि १९९६ साली आणखी अठरा झाडे बेसाल्टच्या शिळांसह लावली. ॲक्रॉइड आणि हार्वी या ब्रिटिश कलावंतद्वयाने २००७ साली कासेलच्या ओकची फळे गोळा करून रोपे वाढवली. २०२१ मध्ये, बॉइसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांतील शंभर रोपे लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या आवारात मांडली गेली.

हे सारे कला आहे की नुसते वृक्षारोपण, हा प्रश्न आजही विचारला जातो. समारंभपूर्वक लावलेली आणि पुढल्या उन्हाळ्यात वाळून गेलेली रोपे आपल्या ओळखीची आहेत. फलकावर नाव टिकते, झाड टिकत नाही. कासेलमध्ये फलकाऐवजी शिळा होती, आणि तिच्यावर कोणाचेही नाव कोरलेले नव्हते. हा फरक लहान नाही.

कासेलच्या रस्त्यांवर आज त्यांतील कित्येक खोडे शिळांहून जाड झाली आहेत. काही ठिकाणी वाढत्या बुंध्याने शेजारची शिळा एका बाजूला कलती केली आहे. शहरातील झाडांना आयुष्यभर धक्के बसतातच: दुष्काळ, रोग, वादळ, खोदकाम. एखादे झाड जाते तेव्हा शिळा हलवीत नाहीत. तिच्याच शेजारी नवा खड्डा घेतात आणि नवे रोप लावतात. तेथे पुन्हा शिळा मोठी आणि झाड लहान असते.